काम झालं आणि गाडी ओढायला लागली

श्रावणात आणि महाशिवरात्रीच्या आसपास वेरूळच्या रस्त्यावर ज्या गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच नुकत्याच कुठल्या ना कुठल्या गॅरेजमधून बाहेर पडलेल्या असतात. लांबच्या यात्रेला निघायचं म्हणून माणूस टायर नवे टाकतो, शॉकअप बदलतो, खड्ड्यांनी खाल्लेले लोअर आर्म बदलून घेतो. शहाणपणाचंच आहे ते. मग संभाजीनगर सुटतं, दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून गाडी बाहेर निघते, घाट चढून खुलताबाद, तिथून उतरून घृष्णेश्वर, आणि दर्शन झाल्यावर ड्रायव्हर आमच्या गॅरेजला येऊन म्हणतो, "दादा, काम केल्यापासून स्टेअरिंग वेगळंच लागतंय. अलाइनमेंट करून देता का?"

त्या एका प्रश्नामागे किती निरनिराळी दुखणी असतात, हे इथे राहून शिकलो. अलाइनमेंट हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. त्याआधी काय काय पाहायचं, ते सांगतो.

१. तक्रार नीट ऐकून घ्या.

"स्टेअरिंग खराब झालंय" एवढ्यावर पाना उचलू नये. गाडी एका बाजूला ओढते का? की गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं? ठरावीक वेगाला थरथरते का? वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही का? जड झालंय का? या पाच तक्रारींची पाच वेगळी घराणी आहेत. त्यातली दुसरी सगळ्यात सोपी. गाडी सरळ, स्टेअरिंग तिरकं, तर बहुतेक वेळा टाय रॉड एन्ड बदलताना दोन्ही बाजूंची लांबी सारखी राहिलेली नसते. मागच्या चाकांचा कोन बिघडला असेल तरीही असंच होतं, म्हणून चारही चाकं मोजून घ्यावीत.

आणि एक प्रश्न कधीही सोडू नये: नेमकं काय बदललं, आणि खोड त्याच दिवशी सुरू झाली का? काल उघडलेला बोल्ट हा पहिला संशयित.

२. हवा, तीही थंड टायरमध्ये.

एप्रिल-मेच्या उन्हात शहरातून इथवर आलेल्या गाडीची हवा तापून वाढलेली असते. उन्हाकडच्या बाजूचे टायर सावलीतल्यांपेक्षा जास्त तापतात. अशा वेळी मोजून दोन्हीकडे सारखी केलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी सारखी निघत नाही. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरण्यासाठी नाही.

३. नवा टायरसुद्धा गाडी ओढतो.

हे लोकांना पटत नाही. नव्या वस्तूवर संशय घ्यायला मन तयार होत नाही. पण टायरच्या आतला तारांचा पट्टा बनवताना किंचित एका कडेला बसला, तर टायरची एक बाजू दुसरीपेक्षा बारीक फिरते. स्टीलचा पेला आडवा करून फरशीवर ढकला, तो बुडाकडे वळतो. टायर तेच करतो. बाहेरून पाहून हे कळत नाही, आणि अलाइनमेंटच्या मशीनलाही ते दिसत नाही, कारण मशीन चाकाचा कोन मोजतं, टायरच्या पोटातला पट्टा नाही.

चाचणी फुकट आहे. पुढची दोन चाकं आपसात बदला, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. ओढ बाजू बदलून गेली, म्हणजे आधी डावीकडे ओढायची ती आता उजवीकडे ओढते, तर दोष टायरचा. ओढ गेलीच, तरीही टायरचाच. ओढ जशीच्या तशी राहिली तर टायर सुटले, पुढे शोधा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अशी अदलाबदल करू नका. त्याच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे घ्या. या अर्ध्या तासाच्या कामाने अनेकांचे नवे लोअर आर्म पुन्हा विकत घेण्याचे पैसे वाचलेले मी पाहिले आहेत.

एका ॲक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे टायर घालू नयेत, एक नवा आणि एक झिजलेलाही नको.

४. रस्ता निर्दोष आहे असं धरून चालू नका.

डांबरी रस्त्याला पाणी निघून जावं म्हणून कडेकडे उतार दिलेला असतो, साधारण दोन-अडीच टक्के. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून चांगली गाडीही हात सोडल्यावर हळूहळू डावीकडे सरकते. ती ओढ नव्हे. मी तपासायला गाडी कसाबखेड्याकडच्या सरळ पट्ट्यावर नेतो. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, पर्यटकांच्या बस नसतात, तेव्हा रस्ता त्यातल्या त्यात मोकळा मिळतो. पुढे-मागे कोणी नसताना गाडी रस्त्याच्या मधोमध आणायची, जिथे उतार दोन्हीकडे सारखा असतो, आणि हात स्टेअरिंगवरून न काढता फक्त सैल करायचे. वाऱ्याचा संशय असेल तर त्याच पट्ट्यावरून उलट यायचं. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे जात असेल तर तो वारा. दोन्ही वेळा एकाच बाजूला जात असेल, तर गाडी सांगते आहे ते ऐका.

५. शॉकअप हा चाकाचा खांब आहे.

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींना पुढे मॅकफर्सन पद्धतीचा शॉकअप असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही मांडणी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या फोर्डच्या गाड्यांना आली आणि स्वस्त, आटोपशीर म्हणून जगभर पसरली. जुन्या ॲम्बेसेडरमध्ये शॉकअपचं काम धक्का जिरवण्यापुरतं होतं, तो बदलला तरी चाकाचा कोन हलत नसे. मॅकफर्सनमध्ये चाक त्या शॉकअपलाच धरून उभं असतं आणि त्याच्याभोवतीच वळतं. म्हणून शॉकअप काढला म्हणजे स्टेअरिंगला हात लावला, असंच समजायचं.

शॉकअप खाली दोन मोठ्या बोल्टांनी धरलेला असतो. त्या भोकांत थोडी मोकळीक असते. बोल्ट आवळताना चाकाचा माथा आत ढकलला गेला की बाहेर, यावरून कोन बदलतो. ज्या बाजूच्या चाकाचा माथा जास्त बाहेर झुकतो, त्या बाजूला गाडी ओढते. दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून अधिक फरक पडला की हाताला जाणवायला लागतो. उघडण्याआधी जोडावर रंगाची एक रेघ मारून ठेवावी आणि बसवताना रेघेला रेघ जुळवावी.

अनेक छोट्या गाड्यांत कंपनीने पुढचा फक्त टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, जुळवायची सोय दिलेली असते. चाकाचा झुकाव मशीनवर लाल दिसतो आणि ऑपरेटर म्हणतो, "हे या गाडीत होत नाही, राहू द्या." राहू देऊ नका. जुळवायची सोय नाही आणि आकडा चुकलाय, याचा अर्थ काहीतरी वाकलंय, सरकलंय किंवा सैल राहिलंय. कामाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. आणि नुसता टो बिघडल्याने गाडी सहसा ओढत नाही. ती टायर खाते. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो.

मशीन जवळ नसेल तेव्हा टेप काढा. सपाट जागी, स्टेअरिंग सरळ ठेवून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू मोजा. सेंटीमीटरभर फरक निघाला तर खड्ड्यात आपटून चाक मागे गेलंय का ते बघा. वाकलेल्या लोअर आर्मने चाक मागे सरकलं की गाडी त्याच बाजूला ओढते. मात्र काही मॉडेलमध्ये थोडा फरक मुळातच असतो.

६. बुश लटकत्या चाकावर आवळू नये.

लोअर आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा ते रबर पिळतं आणि सुटतं, सरकत नाही. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लटकतो. त्या अवस्थेत आडवा बोल्ट पक्का केला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ती बाजू किंचित उंच राहते, धक्के कडक लागतात, कधी स्टेअरिंगवर ओढही येते, आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. दोष पार्टला दिला जातो.

इलाज साधा आहे. बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकला, बोनेट दाबून सोडा, आणि गाडीचं वजन चाकांवर असतानाच गॅरेजच्या खड्ड्यात उतरून आवळा. हे काम करणारा मिस्त्री सापडला की त्याला सोडू नका.

७. स्टेअरिंग वळवल्या जागी अडकतं.

डावीकडे वळवलं तर डावीकडेच राहतं, उजवीकडे वळवलं तर उजवीकडे. ही ओढ नसते, कुठेतरी घट्टपणा असतो. शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग उलटं बसलेलं असतं, किंवा स्प्रिंगचं टोक आपल्या खाचेत नसतं, किंवा बॉल जॉइंट जाम. पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. एकाने स्टेअरिंग सावकाश टोकापर्यंत फिरवावं, दुसऱ्याने बाहेरून स्प्रिंगवर हलकेच हात ठेवावा. स्प्रिंग उडी मारल्यासारखी सुटली तर वरचं माउंटिंग तपासायचं. ते उघडायला स्प्रिंग दाबायची योग्य क्लॅम्प लागते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो, घरी हा प्रयोग करू नये.

८. ब्रेक पकडलाय का?

शॉकअप काढताना त्यावरचा ब्रेकचा रबरी पाइप सोडवतात. तो बसवताना पिळला गेला तर दाब अडकून राहतो आणि ते चाक अर्धवट धरून राहतं. खुलताबादचा घाट उतरून आलेल्या गाडीत हे लगेच सापडतं. चारही चाकांजवळ तळहात न्यायचा, लावायचा नाही. पुढच्या दोनपैकी एक फारच तापलेलं असेल तर तिथे थांबा.

९. थरथर.

साधारण ८० ते १००च्या वेगाला येते आणि वेग वाढवल्यावर कमी होते, ती बॅलन्सिंगची. स्टेअरिंग हलतं तर पुढची चाकं, सीट हलते तर मागची. ब्रेक दाबल्यावरच येते ती डिस्कची. तीस-चाळीसलाच गाडी डुलते तर टायरला फुगा किंवा रिमला वाक. बॅलन्सिंग करूनही जात नसेल तर चाक काढून हबवरचा गंज आणि अडकलेला खडा पाहा. नट समोरासमोरचे आवळावेत, शेवटी टॉर्क पान्याने. शंभरेक किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत.

१०. नव्या गाड्यांत स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर असतो. सगळं बरोबर असून डॅशवर दिवा राहिला, तर स्कॅनर लावून तो शून्यावर आणावा लागतो. बॅटरी बदलली म्हणून आला असेल असं कुणी म्हणालं, तरी स्कॅन करून घ्या.

११. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर गाडी चालवा. टायर, आर्म आणि अलाइनमेंट एकदम केलं आणि ओढ गेली, तर कशाने गेली ते कळत नाही. ती परत आली की पुन्हा पहिल्यापासून शोध. दिवाळीच्या सुट्टीत, देवदर्शनाच्या घाईत लोकांना हे थांबणं नकोसं होतं. मला कळतं. पण गाडीत मागे आई आणि लेकरं बसलेली असतात.

१२. कुठली गाडी पुढे नेऊ नये.

ओढ असेल तर सावकाश शहरात जाता येतं. पण स्टेअरिंग थोडं फिरवूनही चाक हलत नसेल, खड्ड्यातून जाताना चाकाजवळ लोखंडावर लोखंड आपटल्याचा ठोका येत असेल, कालपर्यंत सरळ असलेलं स्टेअरिंग आज अचानक वाकडं झालं असेल, किंवा चाकाचा नट सैल निघाला असेल, तर त्या गाडीने एक किलोमीटरही जाऊ नये. बॉल जॉइंट सुटला की चाक बाजूला पडतं, आणि चाळीसगावकडे जाणाऱ्यांना पुढे कन्नडचा औट्रम घाट उतरायचा असतो. अशा वेळी मी गाडी इथेच ठेवून घेतो, आणि गाडीतल्या माणसांना एसटीच्या थांब्यापर्यंत आमच्या रिक्षाने सोडून येतो.