हद्द कोणाची?

समजा, शेजारच्या चाचांनी नवी भिंत बांधायला काढली. पायाचा चर आपल्या अंगणात वीतभर आला आहे, असे तुमच्या अब्बांना वाटते. चाचा म्हणतात, "ही जागा आमचीच!" आता काय करावे? भांडून जागा मोजता येत नाही. मोजणी होईपर्यंत काम थांबवा, अशी विनंती चाचांना करावी. मग भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मोजणीची फी भरावी. (हद्द, नकाशा, अर्ज हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत!) मोजणीची तारीख शेजाऱ्यांनाही नोटिशीने कळवतात. त्या दिवशी भूकरमापक येतो, नकाशाप्रमाणे जागा मोजतो आणि दोघांसमोर हद्दीच्या खुणा दाखवतो. कधी कधी आपलेच अंगण शेजाऱ्यांच्या जागेत गेलेले निघते!