कॅलेंडर करणाऱ्या भाचीला

बाई, कॉलेजच्या शैक्षणिक कॅलेंडरची समिती तुझ्या गळ्यात पडली म्हणतेस, तर मामाचं थोडं ऐकून ठेव. ऑफिसच्या टेबलाशी जन्म गेला माझा.

सुट्टी देणं तुझ्या हातात नाही. सार्वजनिक सुट्ट्या शासन काढतं, त्याही १८८१ च्या चेक-हुंड्यांच्या कायद्याखाली. थोड्या स्थानिक सुट्ट्या जिल्हाधिकारी देतात. लेखी पेपरच्या तारखा अमरावतीहून, आपल्या गाडगेबाबा विद्यापीठातून येतात. पण चाचणी, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, असाइनमेंटची शेवटची तारीख, स्नेहसंमेलन हे सगळं तुझं. कोणत्या दिवशी काय ठेवायचं नाही, एवढं ठरवलंस तरी रजेचे निम्मे अर्ज येणारच नाहीत.

पोळा घे. पोळा म्हणजे एक दिवस, असं शहरातल्या माणसाला वाटतं. आपल्याकडे आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी आणि दुसऱ्या दिवशी कर. कास्तकाराचा पोरगा आदल्या दिवशीच्या एसटीनं निघतो. करीच्या दिवशी वर्ग रिकामा असतो हे प्राचार्यांनाही ठाऊक असतं, तरी त्या दिवशी चाचणी ठेवायची हौस कोणाला तरी येतेच. तू ठेवू नको. आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर उतरवू नको. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला, २०२५ मध्ये तो २२ ऑगस्टला होता.

चंद्र पाहून ठरणाऱ्या सणांना तर जागा मोकळीच ठेवावी लागते. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि नक्की कधी ते आदल्या रात्री कळतं. म्हणून पंचांगातल्या तारखेच्या मागचा-पुढचा दिवस प्रॅक्टिकलला देऊ नको. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलला आणि शासनानं सुट्टी २९ तारखेला नेली. ज्यांनी २९ ला काही ठेवलं नव्हतं, ते निवांत राहिले. रमजानात रोजा असलेल्या मुलांना सकाळची बॅच दे, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळेत तोंडी परीक्षा घेऊ नको. होस्टेलच्या मेसवाल्याशी सहरीचं आधीच बोलून ठेव. पर्युषणात सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या जैन मुलांचंही त्याच बैठकीत उरकून घे.

दसऱ्याची सुट्टी असतेच. पण १९५६ च्या १४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्याच दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. आपल्याकडची कितीतरी मुलं दसऱ्याला घरच्यांसोबत दीक्षाभूमीवर असतात आणि रात्री उशिरा परततात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठची बॅच त्यांना लावू नको. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांचा जाऊन-येऊन प्रवासच मोठा. तेव्हा परीक्षांचे दिवस असतात, म्हणून बॅच बदलून देण्याची सोय आधीच लिहून ठेव. यवतमाळच्या दुर्गोत्सवाचं मी सांगायला नको, रस्तेच सांगतात.

जास्त लक्ष दे ते छापील यादीत नसलेल्या सणांकडे. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवर श्रावणात तीज बसते. टोपलीत गहू पेरायचे, गाणी म्हणायची, हा सगळा कुवार पोरींचा सण. दिवस नायकाच्या संमतीनं ठरतो, म्हणून तारीख तांड्यातूनच कळते. पांढरकवडा, झरी, मारेगावकडच्या गोंड-कोलाम पाड्यांवर दिवाळीच्या सुमारास दंडार नाचतात. तिथली पोरं सुट्टी संपल्यावर दोन दिवस उशिरा आली तर लगेच कारणे दाखवा नोटीस काढू नको.

पुरावा मागणं सोड. तीजेचं सर्टिफिकेट नायकानं कोणत्या लेटरहेडवर द्यायचं? त्यापेक्षा प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला एकच विचार: वर्षात कोणत्या दोन-तीन दिवशी घरी असणं भागच आहे? धर्म-जातीचा रकाना नको, फक्त दिवस. त्या दिवसांची चाचणी बुडाली तर आठवड्यात परत घ्यायची, हे सगळ्यांना सारखं. कोणी म्हणेल, पोरं फायदा घेतील. घेतील थोडी. दोन-तीन दिवसांत किती घेणार? ७५ टक्के हजेरीचा नियम तसाच राहतो.

मुलांनी सांगितलेल्या दिवसांची यादी जुलैतच प्रत्येक विभागप्रमुखाला सही घेऊन दे.