शाखा, मिलाफ आणि आजीच्या ओव्या

'व्यक्ती तितक्या प्रकृती' असे आपण म्हणतो. पण एकाच कामावर तितक्या व्यक्ती बसल्या की काय होते, याचा अनुभव मला गेल्या वर्षी आला. तो सांगितल्याशिवाय या लेखाचा विषय नीट कळणार नाही, म्हणून आधी तोच सांगते.

माझे आजोळ वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजीला तर अक्षरओळखही नव्हती. पण जात्यावरच्या ओव्या तिला कितीतरी पाठ. मी आणि माझ्या मामेबहिणीने त्या उतरवून घ्यायचे ठरवले. पहिल्या साठ ओव्या दोघींनी मिळून संगणकावर घेतल्या आणि एकेक प्रत आपापल्याजवळ ठेवली. मी भोरला येऊन माझ्या प्रतीतले शुद्धलेखन सुधारत बसले. तिने दिवाळीच्या सुट्टीत आजीजवळ बसून आपल्या प्रतीत चौदा नव्या ओव्या घातल्या. पौषात आजी गेली. त्यानंतर मी आजोळी गेले तेव्हा माझी फाईल तिच्या संगणकावर टाकली. दोन्ही फायलींचे नाव एकच. 'जुनी फाईल बदलायची का?' असे यंत्राने विचारले. मी न वाचताच 'हो' म्हटले. चौदा ओव्या पुसल्या गेल्या. मामीच्या आठवणीतून सहा परत मिळाल्या. आठ मिळाल्या नाहीत, आणि आता विचारायला आजी नाही.

आमच्या आळीतला एक दादा पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अगं, दोन प्रती केल्यात हे चुकलं नाही. त्या एक करताना चुकलीस." आणि त्याने मला त्याच्या धंद्यातली रीत समजावून दिली.

संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूरच. तो कित्येक माणसे एकाच वेळी लिहीत असतात. प्रत्येकाने दुसऱ्याची वाट पाहिली तर काम पुढे सरकणार नाही. सर्वांनी एकाच प्रतीवर हात चालवला तर माझ्यासारखी गत होईल. यावर उपाय म्हणून आवृत्त्या सांभाळणारी साधने निघाली. त्यांपैकी आज फार प्रचारात असलेले साधन म्हणजे 'गिट'. लिनस टॉरवल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केले.

त्यात तीन गोष्टी मुख्य आहेत. पहिली नोंद: कोणी, कधी, काय बदलले हे टिपून ठेवणे. नोंद झालेली जुनी आवृत्ती पुन्हा काढता येते. दुसरी शाखा: मूळ प्रतीला धक्का न लावता आपले काम वेगळ्या फांदीवर करणे. तिसरी मिलाफ, ज्याला ते लोक 'मर्ज' म्हणतात: फांदीवरचे काम पुन्हा खोडात आणणे.

मिलाफ करताना यंत्र दोनच प्रती पाहत नाही. फांद्या जिथून फुटल्या ती मूळ प्रत ते तिसरी म्हणून समोर ठेवते. एखादी ओळ एकीनेच बदलली असेल तर तिचा बदल घेते. दोघींनी तीच ओळ निरनिराळी बदलली असेल, तर मात्र ते थांबते आणि दोन्ही पाठ समोर ठेवून सांगते, 'येथे विरोध आहे, तुम्ही ठरवा.' आमच्याच एका ओवीचे उदाहरण घ्या. मूळ प्रतीत घाईने नुसते 'नदी' लिहिले होते. मी भोरची, म्हणून मी त्याचे 'नीरा' केले. बहिणीने आजीला विचारून 'गुंजवणी' केले होते. यंत्राला एवढेच कळले असते की दोघींचे जुळत नाही. खरे काय ते आजीला विचारणारीलाच ठाऊक. आणि मी तर तिचाच पाठ पुसून माझी नीरा तिथे वाहवली!

हे ऐकताना मला वाटले, हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ साली पुरे झाले. बाराशेच्या वर हस्तलिखिते तपासली गेली. उत्तरेकडची एक मोठी शाखा, दक्षिणेकडची दुसरी, आणि त्यांच्या पोटशाखा. डॉ. वि. सी. सुखठणकर यांच्यापुढे मोठी अडचण होती ती अशी की, जुने लेखक दुसऱ्या पोथीतले श्लोक समासात लिहून ठेवीत आणि पुढचा लेखक ते सरळ मजकुरात घेई. कोणी कोठून काय घेतले याची नोंदच नाही! नोंदीशिवाय झालेला मिलाफ असा पुढच्या पिढ्यांना नडतो. म्हणून संपादकांनी वगळलेले श्लोकही फेकले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. संशय असलेल्या पाठाखाली नागमोडी रेघ दिली. उद्याच्या वाचकाला निर्णय तपासता यावा, हा हेतू.

दुसरे उदाहरण आपल्याच तालुक्याचे. शिवाजी महाराजांच्या जन्माविषयी बखरींच्या परंपरेत शके १५४९ हे साल चालत आले होते. भोर तालुक्यातील कारीच्या जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. पुढे शिवभारतानेही तिला दुजोरा दिला. येथे डोकी मोजून निर्णय होत नाही. कोणता साक्षीदार घटनेच्या जवळचा, हे पाहावे लागते. आजही सर्व इतिहासप्रेमींचे एकमत नसले, तरी शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली आहे.

या साऱ्यातून मी चार नियम वहीत लिहून ठेवले आहेत. एक, फांदी फार दिवस वेगळी ठेवू नये; जितका काळ जाईल तितका मिलाफ अवघड. दोन, एका नोंदीत एकच काम असावे. शुद्धलेखन आणि नव्या ओव्या एकत्र करू नयेत. तीन, विरोध आला की ज्याने बदल केला त्याला विचारावे. 'माझेच नवे, म्हणून माझेच खरे' असे समजू नये. चार, मिलाफ झाल्यावर सर्व मजकूर पुन्हा वाचावा. दोन फांद्या स्वतंत्रपणे बरोबर असूनही एकत्र आल्यावर चुकू शकतात, आणि ते यंत्राला कळेलच असे नाही.

आम्ही दोघींनी आता नव्याने सुरुवात केली आहे. आजीची धाकटी बहीण अजून आहे. तिच्या तोंडी त्याच ओव्या थोड्या वेगळ्या आहेत. पूर्वी मी त्या 'दुरुस्त' केल्या असत्या. आता दोन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवतो आणि कोणाचा कोणता ते लिहितो. त्या ओवीत पुन्हा गुंजवणी आली आहे. आठ जागा मात्र आम्ही कोऱ्या ठेवल्या आहेत. कोणा मावशीला, कोणा काकूला एखादे दिवशी आठवले, तर भरता येतील.