टोळीची खेप आणि ट्रकचा विमा

दिवाळी उरकली की शेवगाव-पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरं आणि त्यावर बसलेली माणसं, सगळं एकाच ट्रकमध्ये. मुकादम रोख भाडं देतो, मालक गाडी लावतो. माझ्या मेहुण्यांचा ट्रक असाच भरून निघाला आणि घाटात उलटला. दोन माणसं गेली. पुढं नगरला मोटार अपघात दाव्याच्या तारखांना मी त्यांच्यासोबत जात होतो. तिथं जे समजलं ते आपल्या भागातल्या प्रत्येक ट्रकमालकापर्यंत पोचावं, म्हणून हे लिहितोय.

पॉलिसी चालू होती. त्यामुळं ‘कंपनी बघून घेईल’ असं मेहुण्यांना वाटत होतं. कंपनीच्या वकिलांनी एकच मुद्दा धरला. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात गाडीवरचे पगारी कामगार येतात, गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. नुसता प्रवासी येत नाही, मग तो फुकट बसलेला असो की भाडं देऊन. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये आशा राणी खटल्यात हे स्पष्ट केलेलं आहे. शेवटी आदेश झाला: भरपाई आधी कंपनीनं द्यावी, मग ती मालकाकडून वसूल करावी. मेलेल्यांच्या घरी पैसे पोचले, ते पोचायलाच हवे होते. वसुलीत मात्र मेहुण्यांचा ट्रक गेला, रानाचा तुकडाही गेला.

हप्ता जड आहे, हे मला मान्य आहे. 1 जून 2022 च्या दरांनुसार 20 ते 40 टनांच्या गटातल्या गाडीला, म्हणजे आपल्या दहाचाकीला, थर्ड पार्टीचेच 43,950 रुपये होतात, वर जीएसटी. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर हा दर केंद्र सरकार ठरवतं. एजंट ‘स्वस्तात करून देतो’ म्हणाला, तर त्यानं बाकीचं काय कापलं ते विचारा. बहुतेक वेळा गाडीची किंमत कमी दाखवलेली असते, नाहीतर जादा संरक्षण काढलेलं असतं. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल यांच्यासाठीची नोंद पॉलिसीवर आहे का, तेही स्वतः वाचा. त्याचे पैसे हप्त्याच्या मानानं किरकोळ असतात.

परमिट नसेल, तरी वसुली मालकाच्याच मागं लागू शकते. ड्रायव्हरच्या लायसन्सचंही तसंच. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेल्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठानं कायम केलं. दहाचाकीला ते चालत नाही. नात्यातला पोरगा आहे म्हणून स्टिअरिंग हातात देऊ नका.

टोळीतल्या माणसांनाही एक सांगायचंय. 1 एप्रिल 2022 पासून भरपाईचा अर्ज अपघातानंतर सहा महिन्यांत करायचा, अशी तरतूद लागू झाली आहे. हंगामच जवळपास तेवढा चालतो. गावी परतल्यावर बघू म्हणून थांबू नका, अपघात झाला की लगेच वकील गाठा.

आणि ड्रायव्हरांसाठी. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या कलमावरून जानेवारी 2024 मध्ये चक्का जाम झाला. 1 जुलैला नवी संहिता आली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 134 आधीपासून आहेच. जमाव खवळला असेल तर जीव वाचवायला तिथून निघा, कायदा ती अडचण ओळखतो. मात्र जवळच्या पोलिस ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा 24 तासांच्या आत, हजर व्हा. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा.