कडधान्यांची घरगुती साठवण : चार सोप्या कृति

तूर, मूग, मटकी, चवळी हीं कडधान्यें खळ्यांतून घरांत आलीं म्हणजे शेतकऱ्याचें काम संपलें असें नाहीं. त्यांचें खरें रक्षण तेथूनच पुढें करावें लागतें. फाल्गुनांत भरलेली तुरीची कणगी आषाढांत उघडावी आणि दाण्यादाण्यास वाटोळें भोंक पडलेलें दिसावें, हा अनुभव बहुतेक घरांस आहे. खाण्याचें धान्य गेलें तर तें विकत आणतां येतें. परंतु घरचें निवडक बीं गेलें म्हणजे ऐन पेरणीच्या वेळीं मिळेल तें बीं पदरांत घ्यावें लागतें. याकरितां कोणत्याही घरीं करतां येतील अशा चार कृति येथें देत आहों.

प्रथम या किडीचा क्रम ध्यानांत घ्यावा. कडधान्यांतील भुंगेरा कणगींत आपोआप उत्पन्न होत नाहीं. पुष्कळ वेळां तो शेतांतूनच घरीं येतो. मादी पक्व शेंगांवर आणि पुढें साठ्यांतील दाण्यांवर अंडीं घालते. दाण्यास चिकटलेले बारीक पांढरे ठिपके हींच तीं अंडीं होत. अळी दाण्यांत शिरून आंतला गर खाते आणि उष्ण हवेंत सुमारें महिन्याभरांत भुंगेरा होऊन बाहेर पडते. हा भुंगेरा साठ्यांतील दाणा खात नाहीं. पण एक मादी शंभरपर्यंत अंडीं घालूं शकते. यावरून मळणीनंतरचा पहिला आठवडा किती मोलाचा आहे हें कळेल. भोंकें दिसूं लागल्यावर केलेला उपाय हा उशिराचा उपाय होय.

पहिली कृति : वाळवण व मिठाची परीक्षा. धान्य कडक उन्हांत वाळवावें व दांताखालीं दाणा कट्‌दिशीं फुटतो कीं नाहीं हें पाहावें. अधिक खात्रीकरितां एक कोरडी कांचेची बाटली घेऊन तींत तिच्या तिसऱ्या हिश्शाइतकें धान्य व दोन-तीन चमचे तव्यावर भाजून थंड केलेलें मीठ घालावें. घट्ट बूच लावून मिनिटभर हालवावी व पाव तास तशीच ठेवावी. मीठ कांचेस चिकटलें तर धान्यांत शेंकडा १५ हून अधिक ओल आहे असें समजावें. चिकटलें नाहीं तरी कडधान्यास आणखी दोन उन्हें द्यावीं. कारण त्यांतील ओल शेंकडा १० च्या आसपास असलेली बरी.

दुसरी कृति : उन्हाची पेटी. जमिनीवर गवत किंवा पोतीं पसरून त्यांवर काळें कापड घालावें. त्यावर धान्याचा दोन बोटें जाडीचा थर द्यावा व वरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद घालून कडा दगडांनीं दाबाव्या. चैत्र-वैशाखाच्या निरभ्र दुपारीं दोन-तीन तास असें ठेवावें. ५७ अंश सेल्सिअस उष्णता तासभर राहिली म्हणजे दाण्याच्या आंतील अळ्यासुद्धां मरतात. धान्य पूर्ण निवल्यावरच भरावें. गरम भरल्यास आंत पाणी सुटतें.

तिसरी कृति : तेलाचा हात. खाण्याच्या कडधान्यास दर किलोस पांच ते सात मिलिलिटर, म्हणजे सुमारें एक चहाचा चमचा, खाण्याचें तेल चोळावें. प्रत्येक दाण्यास तेलाचा हात लागला पाहिजे. म्हणून एका वेळीं चार-पांच किलोंहून अधिक घेऊं नये. तेलाच्या पातळ थरानें अंड्यांचा श्वास कोंडतो.

चौथी कृति : राख. ही बियाण्याकरितां उत्तम. लांकडाची किंवा शेणींची राख थंड करून चाळावी. चार मापें बियांस तीन मापें राख मिसळून डब्यांत दाबून भरावी व वर दोन बोटें निव्वळ राखेचा थर द्यावा. दाण्यांमधील पोकळी बुजल्यामुळें भुंगेऱ्यास फिरतां येत नाहीं व त्याची पैदास थांबते. चिमूटभर राखेनें मात्र हें काम होत नाहीं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत चवळीच्या साठवणीचा अभ्यास सुरू झाला. त्यांत राख व ऊन हे दोन्ही उपाय पारखून घेतले गेले. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांस राखेची रीत पूर्वीपासून ठाऊक होती. प्रमाण तेवढें नीट सांभाळावें.

शिवाय घरखर्चाच्या तुरीची डाळ लौकर करून ठेवावी. अखंड दाण्यापेक्षां डाळीस भुंगेरा फार कमी लागतो. पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे व किती उगवले तें मोजावें. कोणत्याही रीतीनें राखलेल्या बियाण्यास ही परीक्षा अवश्य करावी.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. कांहीं घरीं धान्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकण्याचा प्रघात पडला आहे. ओल लागतांच या गोळ्यांतून फॉस्फीन नांवाचा विषारी वायु सुटतो आणि शेजारच्या खोलींत निजलेल्या मुलांमाणसांपर्यंत पोंचतो. या विषावर उतारा नाहीं. म्हणूनच त्यांची विक्री कायद्यानें निर्बंधित आहे व त्यांचा वापर शिकलेल्या माणसांनींच हवाबंद कोठारांत करावयाचा असतो. राहत्या घरांत ही गोळी एकही आणूं नये. कोणी फुकट दिली तरी घेऊं नये. पाऱ्याच्या टिकड्या व बोरिक पावडर यांसही अन्नांत जागा देऊं नये.

वरील कृतींस खर्च जवळजवळ नाहीं. लागतो तो एक-दोन दिवसांचा वेळ. तो खळें आटोपतांच काढावा. यंदा निदान बियाण्याचा एक डबा राखेंत व खाण्याचा एक डबा तेलावर ठेवावा, दोन्ही आषाढांत उघडावे आणि नुसत्या भरलेल्या डब्याशीं ताडून पाहावे. शेतांत जें मिळविलें तें घरांत गमवावयाचें नाहीं, एवढा निश्चय प्रत्येक कुटुंबानें केला तर पुढच्या पेरणीस बियाण्याकरितां दुसऱ्याच्या दारीं जाण्याचा प्रसंग येणार नाहीं.