औषध आणि आहार : परिचारिकेच्या ज्ञानाचे मोल

औषध डॉक्टर लिहून देतात. परंतु गोळी आणि जेवण यांची गाठ पडते ती परिचारिकेच्या देखत. म्हणून अन्न व औषध यांच्या परस्परसंबंधाचे ज्ञान तिला असणे अगत्याचे आहे.

रत्नागिरीच्या आहारातलेच उदाहरण घेऊ. बर्फात नीट न ठेवलेल्या बांगड्यात व कुप्यात हिस्टामिन तयार होते. शिजवूनही ते नष्ट होत नाही. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध शरीरात त्याच्या विघटनास अडथळा आणते. परिणामी चेहरा लाल होणे, डोकेदुखी, धडधड अशी लक्षणे उद्भवू शकतात. ही औषधाची अ‍ॅलर्जी समजून उपचारच थांबले, तर क्षय बळावतो. ‘जेवणात काय होते?’ हा परिचारिकेचा एक प्रश्न हा अनर्थ टाळू शकतो.

वॉरफरिन घेणाऱ्यांनी अळू, माठ वर्ज्य करण्याची गरज नसते. प्रमाण मात्र नियमित हवे, कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा प्रभाव कमी करते. लेप्टोस्पायरोसिसवरील डॉक्सिसायक्लिनचे शोषण दुधाने घटते.

यंत्रसामग्री ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते. परिचारिकेचे ज्ञान दिसत नाही. तरीही तिच्या प्रशिक्षणास दिलेला रुपया रुग्णाच्या खाती जमा होतो. नातेवाइकांनीही घरून आणलेल्या डब्यात काय आहे, ते परिचारिकेस अवश्य सांगावे, ही विनंती.