थेंबाचा माग
(जुन्या मोटारीतील गळतीचे निदान)

निरीक्षण, अनुमान आणि पडताळा हे तीन शब्द शास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांच्या कानांवरून वारंवार जातात. पुष्कळांची अशी समजूत असते की, या तीन शब्दांचे राज्य प्रयोगशाळेच्या चार भिंतींपुरतेच आहे. ही समजूत खरी नव्हे. गाडीखाली उताणा निजून वर न्याहाळणारा मिस्त्री आपल्या कामात मुरलेला असेल, तर तोही याच तीन पायऱ्यांनी चालत असतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका नेहमीच्या प्रश्नाचा विचार योजिला आहे. जुनी मोटार रात्रभर अंगणात उभी होती. सकाळी तिच्याखाली एक ओला डाग आढळला. हा द्रव कोणता? तो कोठून आला? आणि आज ही गाडी रस्त्यावर नेणे सुरक्षित आहे काय?

उदाहरणादाखल आम्ही ॲम्बॅसडर गाडी घेतली आहे. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या नमुन्यावरून ही गाडी बंगालमधील उत्तरपाडा येथे 1950 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तयार होऊ लागली आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले. हौशी लोकांनी जतन केलेल्या अशा गाड्या अजूनही पाहावयास मिळतात. त्यांची यंत्ररचना उघडी आणि सरळ असल्यामुळे शिकणाऱ्यास त्या फार सोयीच्या आहेत. येथे सांगितलेली रीत मात्र कोणत्याही जुन्या गाडीस लागू पडेल.

डाग आणि उगम

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे. थेंब जेथे पडतो तेथेच तो उगम पावलेला असतो, असे नाही. कौलारू घरात पावसाळ्यात माजघरात पाणी ठिबकते. पण वर चढून पाहावे तो फुटलेले कौल दोन-तीन हात पलीकडे असते आणि पाणी वाशावरून ओघळत येऊन सोयीच्या जागी खाली पडते. मोटारीतही असेच घडते. गुरुत्वाकर्षणामुळे द्रव खाली येतो, गाडी चालताना समोरून येणारा वारा त्याला मागे लोटतो, आणि पंख्याच्या झोताने तो चहूकडे उडतो. म्हणून गळतीचा शोध घेणाऱ्याने सर्वांत ओली जागा पाहू नये; सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची ओली जागा पाहावी.

दुसरी गोष्ट डागाच्या आकाराविषयी. फरशीवर पसरलेला डाग पाहून गळती किती, याचा अंदाज चुकतो. थोडे गणित करून पाहू. पाण्याचे सुमारे 20 थेंब मिळून एक मिलिलीटर होतो. रेडिएटरमधून मिनिटाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाचे 1,440 थेंब, म्हणजे 72 मिलिलीटर पाणी जाईल. एक लीटर संपावयास सुमारे 14 दिवस लागतील. म्हणजे मोठा दिसणारा डाग कधी किरकोळ असतो, आणि क्षुल्लक वाटणारी ठिबक पंधरवड्यात एंजिनास धोक्यात आणू शकते. यास्तव डाग पाहून भिऊ नये, तसेच त्याची उपेक्षाही करू नये. दररोज पातळी मोजून ती वहीत टिपून ठेवावी.

द्रव कोणता?

रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा पसरावा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा व गाडीची पुढची बाजू पेन्सिलीने आखून घ्यावी. सकाळी त्या पुठ्ठ्यावर गळतीचा नकाशाच तयार झालेला आढळेल.

आता रंग, वास आणि स्पर्श यांची साक्ष काढावयाची. एंजिनचे तेल नवे असताना मधासारखे पिवळसर असते व वापराने काळे पडते. गियरचे तेल अधिक दाट असते आणि त्याला बहुधा गंधकासारखा उग्र दर्प येतो. रेडिएटरमधील कूलंट हिरवे, गुलाबी अथवा नारिंगी असून बोटांस किंचित चिकट लागते. ब्रेकचे तेल पातळ, नितळ अथवा फिकट पिवळे असते आणि रंगावर सांडल्यास रंगास फोड आणते. पेट्रोलची खूण सांगावयास नकोच. ते उडून जाते आणि वास तेवढा मागे राहतो. बॅटरीखाली ओल असल्यास निळा लिटमस कागद लावून पाहावा. तो लाल झाल्यास ते आम्ल होय, हे आपण रसायनाच्या तासाला शिकलोच आहोत. वातानुकूलन असलेल्या गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचे पाणी साचले, तर ते हवेतील बाष्पाचे असते. ती गळती नव्हे.

कोणताही द्रव जिभेला लावून पाहू नये. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल गोड लागते, पण ते विषारी आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि प्राणास मुकतात. म्हणून ते सांडल्यास तत्काळ धुऊन काढावे.

रंगाने निर्णय होईना, तर एक अगदी सोपा प्रयोग आहे. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्यावे आणि संशयित द्रवाचे दोन थेंब त्यात सोडावेत. एंजिनचे व गियरचे तेल पाण्यावर तरंगते. त्याचा तवंग दिसतो. ब्रेकचे तेल मात्र पाण्यात मिसळून जाते. त्याला आपण तेल म्हणतो खरे, परंतु ते खनिज तेल नव्हे. ते ग्लायकॉल वर्गातील द्रव्यांपासून बनविलेले असते. (काही थोड्या गाड्यांत सिलिकोनचा द्रव वापरतात, तो मिसळत नाही. म्हणून आपल्या गाडीत कोणता द्रव आहे, हे आधी माहीत करून घ्यावे.) हा प्रयोग लहान दिसला, तरी त्याचे मोल किती आहे, ते पुढे दिसेल.

उगम कोठे?

समजा, पुठ्ठ्यावर एंजिन आणि गियरबॉक्स यांच्या जोडाखाली काळ्या तेलाचे थेंब पडले आहेत. गियरबॉक्समध्ये इंधन जळत नाही, त्यामुळे तेथील तेल सहसा इतके काळे होत नाही. तेव्हा हे तेल एंजिनचे असावे, असे अनुमान निघते. पण एंजिनच्या कोणत्या भागातून?

ॲम्बॅसडरच्या जुन्या 1489 घनसेंटीमीटरच्या पेट्रोल एंजिनात तीन जागांवर संशय घेता येतो. एक, माथ्यावरील टॅपेट कव्हरचे पॅकिंग. दोन, ब्लॉकच्या बाजूस असलेली टॅपेटची झाकणे. तीन, क्रँकशाफ्टचे मागील टोक. या तिसऱ्या जागेची रचना मोठी मनोरंजक आहे. तेथे आजच्यासारखे रबरी ऑइल सील नसून शाफ्टवर उलट्या दिशेचे आटे कोरलेले असतात. शाफ्ट फिरू लागला की हे आटे बाहेर येऊ पाहणारे तेल पुन्हा आत लोटतात. शाफ्ट थांबला की त्यांचे कामही थांबते. म्हणून एंजिन बंद केल्यावर तेथून दोन-चार थेंब येणे, हा या रचनेचा स्वभावच आहे.

आता या तिन्हींतील भेद पाहा. पहिल्या जागेचा दोष असेल, तर थोड्या खर्चाचे पॅकिंग बदलून घटका-दोन घटकांत काम होते. तिसऱ्या जागेचा असेल, तर गियरबॉक्स किंवा एंजिन उतरवावे लागते. गाडी कित्येक दिवस अडकून पडते आणि खर्च भारी येतो. खालून पाहणाऱ्यास मात्र दोन्ही थेंब एकाच ठिकाणी पडताना दिसतात. घाईने निर्णय करणारा मनुष्य येथे एंजिन उतरवून बसतो, आणि गाडी जोडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तोच थेंब त्याच जागी हजर असतो.

योग्य रीत अशी. एंजिन पूर्ण थंड झाल्यावर त्यावरचे वंगणाचे किटण ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन काढावे. वितरक, कॉइल व कार्ब्युरेटर आधी झाकून घ्यावेत. धुण्यासाठी पेट्रोल कदापि वापरू नये. नंतर एंजिन कोरडे करून वर सांगितलेल्या जोडांच्या भोवती आणि मागील भिंतीवर अंगास लावण्याची पांढरी पावडर भुरभुरावी. पंधरा-वीस मिनिटे एंजिन चालवून ते बंद करावे व विजेरीच्या उजेडात पाहावे. वरून ओघळ आला असेल, तर पांढऱ्या पावडरवर त्याची काळी रेघ स्पष्ट उमटते. पावडर सर्वत्र कोरडी राहूनही क्लचच्या आवरणाखालून थेंब येत असेल, तर दोष आतला आहे, असे समजावे. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करावी आणि पुन्हा तपासावे. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गळती थांबेलही. पण ती कशाने थांबली, हे ज्ञान आपणांस मिळणार नाही.

गळतीचे कारण

जागा सापडली म्हणजे निदान पुरे झाले, असे मात्र नाही. ती जागा का गळू लागली, हेही पाहिले पाहिजे. उष्णतेने रबर कडक होते, बुचाचे पॅकिंग आकसते, हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात. ही कारणे उघड आहेत. एक कारण मात्र लपलेले असते. पिस्टन व सिलिंडर झिजले की जळलेले वायू पिस्टनच्या कडेने खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतात. त्यांना बाहेर पडण्यासाठी एंजिनास एक श्वासनळी ठेवलेली असते. ती किटणाने तुंबली, तर आत दाब वाढतो आणि तो दाब सर्वांत दुबळ्या जोडातून तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी तेथे नवे पॅकिंग घातले, तर तेल दुसरी दुबळी जागा शोधते. म्हणून पॅकिंग बदलण्याआधी श्वासनळी स्वच्छ आहे की नाही आणि तेल प्रमाणापेक्षा जास्त तर भरलेले नाही ना, हे पाहून घ्यावे. बोल्ट अतिशय आवळणे हाही उपाय नव्हे. त्यायोगे पॅकिंग चिरडते, पत्र्याचे झाकण वाकते आणि गळती वाढते.

पाण्याच्या पंपाखाली एक बारीक छिद्र असते. त्यातून पाणी येऊ लागले, तर ते छिद्र बुजविण्याचा मोह कोणासही होईल. परंतु पंपाचे आतील सील झिजले आहे, हे आपणांस कळावे म्हणूनच ते छिद्र ठेवलेले असते. ते बुजविणे म्हणजे वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्याचे तोंड बांधणे होय.

कधी पाणी दररोज कमी होते, पण पुठ्ठा कोरडाच राहतो. अशा वेळी तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ झाले असेल, किंवा एंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येतच राहिली, तर हेड गॅस्केट फुटले असण्याचा संभव मोठा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालील पाणी शंभर अंशांवरही द्रवरूपात असते. झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते उकळून अंगावर उसळते.

जेथे प्राणांचा प्रश्न आहे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मागच्या चाकाच्या आतील बाजूस, टायरवर ओघळ दिसला, तर त्याची दोन कारणे संभवतात. एक, मागच्या आसाचे सील जाऊन गियरचे तेल बाहेर येत असेल. दुसरे, ब्रेकचा व्हील सिलिंडर गळत असेल. डोळ्यांस दोन्ही सारखीच दिसतात. अशा वेळी पाण्याच्या पेल्याचा तो प्रयोग करावा. थेंब तरंगला, तर ते आसाचे तेल. तेही ब्रेकच्या लायनिंगवर पसरून त्या चाकाची पकड घालवते, म्हणून दुरुस्ती लांबवू नये. थेंब पाण्यात मिसळला, तर ते ब्रेकचे तेल; मग गाडी जागची हलवू नये.

याचे कारण फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (1623–1662) याच्या नियमात आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. म्हणूनच एका पायाच्या दाबाने चारही चाकांचे ब्रेक लागतात. पण हाच नियम उलटतोही. जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांस मिळून द्रवाचा एकच मार्ग असे. त्यात कोठेही एक तोंड उघडे पडले, तर दाब सर्वत्रच उतरतो. एका चाकाचा दोष चारही चाकांना भोवतो. शिवाय द्रव कमी होऊन आत हवा शिरली, तर हवा दाबली जाते आणि ब्रेकचे पेडल स्पंजासारखे खाली जाते. सपाट रस्त्यावर कदाचित निभावेल. पण बेळगावहून चोर्ला अथवा आंबोलीचा घाट उतरताना वळणावर ही गोष्ट कळली, तर उपाय करावयास वेळ उरत नाही. ब्रेकचे तेल वारंवार कमी होत असेल, तर ते भरून पुढे जाणे ही दुरुस्ती नव्हे. तसेच पेट्रोलचा वास आल्यास गाडी सुरू न करता, जवळपास आग वा ठिणगी येऊ न देता, जाणत्या मिस्त्रीस बोलवावे.

विद्यार्थ्यांनी ही तपासणी वडीलधाऱ्यांच्या देखत करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम आधार आणि चाकांना अडसर असल्यावाचून तेथे हातसुद्धा घालू नये. ब्रेकच्या ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते व ते फुप्फुसांस घातक आहे.

आपल्या वाचकांपैकी काही जण पुढे यंत्रज्ञ होतील. बहुतेक जण होणार नाहीत. पण गळती मोटारीतील असो, घराच्या छपराची असो की जमाखर्चाच्या वहीतील असो, ती शोधण्याची रीत एकच आहे. आधी स्वच्छ करावे, मग शांतपणे पाहावे, एका वेळी एक शंका फेडावी आणि ज्या शंकेत कोणाचा जीव गुंतला असेल, ती सर्वांत आधी फेडावी.

अभ्यासासाठी प्रश्न

1. रेडिएटरमधून मिनिटाला तीन थेंब पाणी गळत असेल, तर एक लीटर पाणी किती दिवसांत जाईल?

2. एंजिनचे तेल पाण्यावर तरंगते आणि ब्रेकचे तेल पाण्यात मिसळते, याचे कारण काय?

3. नवे पॅकिंग घातल्यावर आठ दिवसांतच दुसऱ्या जोडातून तेल गळू लागले. तुम्ही प्रथम काय तपासाल, व का?